मधपेटीत कॅमेरा लगेच लागला, नेटनेच जीव खाल्ला

पेटी, काच, कॅमेरा सगळं विनासायास बसलं. अडलं ते फक्त इंटरनेटपाशी, आणि तो राग अजून गेला नाही म्हणून लिहितेय.

मुळात हा खटाटोप कशासाठी ते सांगते. आमचं घर जावळी तालुक्यात, मी पुण्यात. गावी काकांकडे सातेरी माश्यांच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाश्यांच्या, पेट्या आहेत. सातेरीला सारखं झाकण उघडून त्रास दिला की अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते, मागे रिकामी पोळी आणि त्यात मेण खाणारा मेणकिडा. शिवाय पिलाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-अळ्यांना, ३४-३५ अंशांची ऊब लागते, झाकण काढलं की ती जाते आणि पेटी परत गरम करायला माश्यांना स्वतःचा मध खर्चावा लागतो. म्हणजे बघायचं तर न उघडताच बघायचं. म्हणून एका पेटीची एक बाजू काचेची करून घेतली, तिला बाहेरून कॅमेऱ्याचा बंद खोका लावला, आणि जांभूळ फुलायच्या आत लाइव्ह सुरू करायचं ठरवलं कारण आमच्याकडे खरी लगबग तेव्हाच असते.

गावात मोबाइलला रेंज आहे पण व्हिडिओ जाईल एवढी नाही, म्हणून फायबरसाठी माझ्या नावाने ऑनलाइन अर्ज केला. पत्त्याचा पुरावा काय, तर लाइट बिल. आमचं लाइट बिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन कित्येक वर्षं झाली, गावातल्या निम्म्या घरांची हीच गत. आधारवरचं नाव आणि बिलावरचं नाव जुळत नाही म्हणून अर्ज नामंजूर. कस्टमर केअरला फोन केला तर तालुक्याच्या ऑफिसला जा म्हणाले. काका एसटीने तिथे गेले, तिथला माणूस म्हणाला हे ऑनलाइनच होतं, आमच्याकडे काही नाही. परत ऑनलाइन, परत फोन, दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं. मृत्यूचा दाखला, वारस नोंदीची झेरॉक्स, सगळं अपलोड केलं. मग दिवसच्या दिवस स्क्रीनवर एकच ओळ, ‘पडताळणी सुरू आहे’. तिकडे काका रोज संध्याकाळी सांगायचे, जांभळीला कळ्या धरल्या, आज वरच्या फांद्या फुलल्या, माश्या पहाटेपासून सुटतायत. अक्षरशः चीड यायची. फुलोरा काही पडताळणीसाठी थांबत नाही!

शेवटी मार्ग सांगितला ग्रामपंचायतीतल्या शिपाईभाऊंनी. घराची नोंद नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, काकांच्या नावावर आहेच, मग अर्ज तुझ्या नावाने कशाला करतेस? नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती आणि काकांचं आधार जोडून काकांच्या नावाने नवा अर्ज टाकला आणि लगेच मंजूर झाला. हे एवढंच त्या ऑफिसातल्या माणसाला सांगता आलं असतं. जांभळीचा अर्धा बहर गेला त्यात.

पण जे दिसलं त्याने डोळे भरून आले. सकाळी नऊच्या सुमाराला एक कामकरी माशी पोळ्यावर पोट थरथरवत सरळ खाली धावत गेली, उजवीकडून वळून परत वर आली, पुन्हा तीच धाव, मग डावीकडून वळली. फुलं कुठे आहेत ते माश्या अशा नाचातून एकमेकींना सांगतात. मागे चार-पाचजणी तिच्या अंगाला मिशा लावून चाललेल्या, कारण आत अंधार असतो, नाच स्पर्शाने वाचतात. पोळ्यावर सरळ वर म्हणजे सूर्याची दिशा, खाली म्हणजे सूर्याच्या बरोब्बर उलट. सकाळी सूर्य पूर्वेला म्हणजे ही पश्चिमेला पाठवत होती. काकांना फोन केला तर ते न थांबता म्हणाले, ‘अगं मग ओढ्यापलीकडची जांभळं!’ ह्याच भाषेचा उलगडा केल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिशना १९७३ मध्ये नोबेल मिळालं, आणि मी ती माझ्या टेबलावर बसून वाचत होते. रात्री तर आणखी गंमत, मकरंद तोंडातून तोंडात देणं चालू असतं आणि पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवणं चालू असतं.

कोणाला करायचं असेल तर कॅमेरा इन्फ्रारेडचाच घ्या, तो उजेड माश्यांना दिसत नाही, चित्र काळंपांढरं येतं पण त्यांना त्रास नाही. साधा सीसीटीव्ही इतक्या जवळचं फोकस करत नाही, हाताने फिरवता येणारी लेन्स बघा. काचेचा रोख दाराजवळच्या भागावर ठेवा, नाच जास्त तिथेच होतो. अगदी कडेच्या चौकटीत (पोळं ज्यात बांधलेलं असतं ती लाकडी चौकट) बहुतेक नुसता मध असतो, म्हणून काकांनी पिलाव्याची एक चौकट काचेकडे सरकवली. काच आणि पोळं यात जास्त फट ठेवली तर माश्या तिथे मेण बांधतात आणि मग काहीच दिसत नाही. हो, आणि कनेक्शन घेताना डाउनलोड नाही, अपलोड स्पीड विचारा, आपणहून कोणी सांगत नाही. नमुना ८ चा उतारा मात्र सगळ्यात आधी काढा, कॅमेरा मागवायच्याही आधी.