घडीचा फोन

इंदुरात पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरताना कुणी कुणाचा हात धरत नाही. आमच्याकडे मात्र दोन दिवाळ्यांपूर्वी एका रविवारी भाच्याने माझा हात वरच्या वर धरला. "आत्या, थांब! आधी फोन उचलू दे." टेबलावर त्याचा नवा फोन पोथीसारखा उघडा पडला होता आणि माझी चिमूट नेमकी त्याच्या वर.

फोन घडीचा. मिटला तर नेहमीच्या फोनएवढा, जरा जाडसर. उघडला तर शाळेतल्या छोट्या पाटीएवढा. किंमत त्याने सांगितली नाही, मीही विचारली नाही. संध्याकाळी वहिनीने फोन करून हळू आवाजात सांगितली, आणि ती मी ह्यांना अजून सांगितलेली नाही.

सासूबाईंना दाखवला. त्या ८१ वर्षांच्या आहेत आणि मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना नको ते सगळं दिसतं. रामबागेतल्या आमच्या घरात सकाळचं ऊन खिडकीतून तिरकं येतं. त्यांनी फोन हातात घेतला, मधोमध बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इथे घडी पडलीय रे. नवाच ना? दुकानदाराला नेऊन दाखव."

"आजी, ती असतेच."

"असतेच म्हणजे? इस्त्री नाही का होत?"

समोरून पाहिलं तर ती घडी दिसत नाही. पडदा काळा झाला किंवा उजेड बाजूने आला की मधोमध एक उथळ पन्हळ उमटते. बोटाला तर पहिल्या दिवसापासून लागते. भाचा म्हणाला, चार दिवसांत सवय होते. झालीही असेल. सवय मलाही झाली असती, पण सासूबाईंनी ते वाक्य उच्चारल्यापासून मी त्या फोनमध्ये दुसरं काही पाहूच शकले नाही.

घडी हा आमच्या घरातला जुना विषय आहे. इंदुरात रस्त्यावर 'घडी' म्हटलं की निम्मे लोक मनगटाकडे बघतात. घरात म्हटलं की कपाटाकडे. नवी साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे तिची घडी मोडणं. आता मोडणं ही काय शुभ गोष्ट आहे? पण साडीच्या बाबतीत आहे. घडी मोडली की देवाला आणि मोठ्यांना नमस्कार करायचा, अशी आमच्याकडची रीत. फोनच्या बाबतीत मात्र 'मोडणं' हा शब्द भाच्यासमोर काढायची सोय नव्हती.

त्या दिवशी त्याने फोन किती वेळा उघडला-मिटला, याची अधिकृत नोंद आमच्याकडे आहे. सासूबाई जपाला बसल्या होत्या. रामनाम त्यांनी किती घेतलं ते राम जाणे, पण पोहे, चहा, पुन्हा चहा आणि क्रिकेटची अर्धी इनिंग एवढ्यात त्या म्हणाल्या, "झाली बघ तुझी एक माळ." एकशे आठ.

मी हिशेबाच्या नोकरीत आयुष्य काढलं, आकडा मिळाला की स्वस्थ बसवत नाही. फोन किती घड्या सोसतो याचे आकडे कंपन्या अभिमानाने देतात. सॅमसंग बरीच वर्षं २ लाख घड्या सांगत होती. २ लाखांना १०८ ने भागलं की १,८५१ दिवस येतात. रोज एक माळ धरली तर पाच वर्षं आणि वर जेमतेम महिना. २०२५ च्या त्यांच्याच झेड फोल्ड ७ या फोनच्या वेळी हा आकडा ५ लाखांवर गेला. म्हणजे बारा वर्षं आठ महिने. एक तप! एवढं तप करून ऋषींना वर मिळत असे. आपल्याला फोन चालू राहील एवढंच आश्वासन मिळतं, तेही प्रयोगशाळेतलं. ही ५ लाखांची परीक्षा १३ दिवसांत आणि २५ अंश सेल्सिअसला उरकलेली. इंदुरात २५ अंश मे महिन्यात फक्त एसीच्या रिमोटवर दिसतात. शिवाय यंत्र फोन मिटतं तेव्हा आत काही राहिलेलं नसतं. आपण मिटतो तेव्हा शेवेचा तुकडा असतो, पाकिटातलं कार्ड असतं, कधी नुसती घाई असते.

मुळात काच वाकते हेच मला पटत नव्हतं. भाच्याने इंजिनिअरिंगच्या भाषेत समजावलं, मग मी माझ्या भाषेत समजून घेतलं. बांबू वाकवायला गेलात तर तडकतो; त्याच बांबूची पातळ कामटी काढली की तिची टोपली विणता येते. वस्तू जितकी पातळ, तितका वाकताना तिच्या बाहेरच्या अंगावर ताण कमी. सॅमसंगच्या २०२० च्या झेड फ्लिप या फोनमध्ये जी काच आली ती सुमारे ३० मायक्रॉनची, केसाहून पातळ. त्याआधीच्या फोल्डमध्ये तर काचच नव्हती, प्लॅस्टिकचा पडदा होता. या पातळ काचेवरही प्लॅस्टिकचा थर असतोच, आणि आपलं बोट फिरतं ते त्या थरावर. म्हणून नख जोरात लागलं तरी वळ उठतो. पावणेदोन लाखांची वस्तू आणि तिला माझ्या नखाची भीती, हे मला अजूनही जरा गमतीचं वाटतं.

या थरावरून २०१९ मध्ये मोठी फजिती झाली होती. सॅमसंगचा पहिला गॅलॅक्सी फोल्ड एप्रिलमध्ये बाजारात यायचा होता. त्याआधी तो काही पत्रकारांना वापरून बघायला दिला. त्यातल्या काहींना वाटलं, वरचा पातळ थर म्हणजे नव्या फोनवर येतं ते प्लॅस्टिक. त्यांनी तो सोलला आणि पडदा गेला. आणखी काहींच्या फोनमध्ये बिजागरीच्या फटीतून कचरा आत शिरला. कंपनीने विक्री पुढे ढकलली, दुरुस्त्या केल्या आणि फोन सप्टेंबरात आणला. आपल्याकडे ऑक्टोबरात, १,६४,९९९ रुपयांना. हे ऐकून मला वाटलं, पहिले फोन आमच्या गल्लीत वाटले असते तर निदान सोलण्याचा प्रसंग आला नसता. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट अकरा वर्षं त्याच पिशवीत आहे आणि शेजारच्यांच्या गाडीच्या सीटांवरचं पॉलिथिन गाडी विकताना निघालं.

कचऱ्याचं दुखणं मात्र इंदुरातही चुकणार नाही. २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिले आल्यापासून आम्ही ओला कचरा, सुका कचरा वेगळा करण्यात पटाईत झालो. बिजागरीतल्या कचऱ्यासाठी गाडी येत नाही. पाण्याचं कोडं या फोननी आधी सोडवलं, २०२१ च्या फोल्ड ३ पासून. धूळ मागे राहिली. अलीकडच्या फोल्डवर 'आयपी ४८' हे पाणी-धुळीपासूनच्या बचावाचं मानांकन लिहिलेलं असतं. त्यातला ८ पाण्याचा, तो चांगलाच. ४ हा धुळीचा, आणि त्याचा अर्थ एवढाच की एक मिलिमीटरहून मोठा कण आत जाणार नाही. म्हणजे जाडी रतलामी शेव दारात अडेल आणि जिरावण थेट देवघरापर्यंत जाईल. धुळीलाही पूर्ण दार बंद, म्हणजे 'आयपी ६८' मिळवणारा पहिला घडीचा फोन गूगलचा पिक्सेल १० प्रो फोल्ड, तो २०२५ मध्ये आला. तर भाच्याने माझा हात धरला तो उगाच नव्हता, हे मला उशिरा कळलं.

सव्वा वर्ष फोन छान चालला. त्यावर त्याने ऑफिसच्या शीट्स पाहिल्या असतील. आम्ही पाहिलं ते क्रिकेट. मग संक्रांतीच्या सुमाराला नेमक्या घडीवर, वरच्या टोकाला, तांदळाएवढा बुडबुडा आला. वरचा थर सुटायला लागला होता. पंधरा दिवसांत बुडबुड्याची रेघ झाली, पुढच्या आठवड्यात रेघेशेजारी एक हिरवा धागा उभा राहिला आणि स्पर्श अर्ध्या पडद्यावरच लागू लागला. वॉरंटी एक वर्षाची होती. कंपनीच्या सेवा केंद्रात गोड बोलून एक आकडा सांगितला, तेवढ्यात चांगला साधा फोन नवा आला असता.

मी म्हटलं, चल जेल रोडला. डॉलर मार्केटमध्ये मोबाइलचं जे होत नाही ते जगात कुठेच होत नाही अशी माझी श्रद्धा. एक मजा सांगते. आपल्या बाजारात कुठल्याही फोनच्या डिस्प्लेला दुरुस्तीवाले 'फोल्डर'च म्हणतात. माझ्या साध्या फोनचा फोल्डर गेला होता तेव्हा याच गल्लीत पाऊण तासात बदलून मिळाला. त्यात फोल्ड होणारं काही नव्हतं. आता खरोखर फोल्ड होणारा फोल्डर घेऊन गेलो, तर त्या पोराने भिंग लावून पाहिलं, फोन दोन्ही हातांनी मिटला, पुन्हा उघडला आणि माझ्यापुढे ठेवला. "दीदी, इसका फोल्डर अपन नी खोलते. बिजागरी के नीचे पट्टी जाती है, एक बाल टूटा तो पूरा गया." एवढं बोलून त्याने फोनखाली एक स्वच्छ फडकं सरकवलं. पाच मिनिटं भिंग लावूनही पैसे घेतले नाहीत.

घरी आलो तर सासूबाई अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. अडकित्ता त्यांच्या लग्नातला. त्याचा खिळा आतापर्यंत तीनदा बदलला, राजवाड्याच्या मागे पाच-दहा रुपयांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भाच्याला कपाट उघडायला सांगितलं.

कपाटात त्यांची महेश्वरी आहे, आणि एक जरीचा शालू. दसऱ्यानंतर ऊन तापलं की त्या दोन्ही बाहेर काढतात, उलगडतात, सावलीत वारा देतात आणि पुन्हा ठेवताना घडी बदलतात. तिनाची होती तर चाराची. आधी आत होतं ते बाहेर. रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षं पडून राहिलं की तिथे विरतं, जर तर तुटतेच. हात लावला की रेघेवर फाटतं. माझ्या आजेसासूबाईंचा एक शेला असा गेला, कुणी नेसलंही नव्हतं. सासूबाईंनी भाच्याच्या हातात महेश्वरी दिली. "ही पंचावन्न वर्षांची. तुझ्या फोनची घडी बदलता येते का रे?"

ती नेमकी येत नाही. मला जे दोन वर्षं नीट मांडता येत नव्हतं ते म्हातारीने एका वाक्यात मांडलं. पाच लाख वेळा मिटेल, मान्य; पण पाचही लाख वेळा त्याच रेघेवर. नव्या बिजागऱ्या आत पडद्याला कडक दुमड न देता थेंबाच्या आकाराचा गोल वळसा देतात, त्यामुळे घडी पूर्वीपेक्षा कितीतरी सौम्य झाली आहे. फोल्ड ७ उघडल्यावर ४.२ मिलिमीटरचा होतो, हे तर मला जादूसारखंच वाटतं. पण रेघ तीच. एलजीने २०२१ च्या जानेवारीत घडीऐवजी सुरळी होणाऱ्या पडद्याचा फोन दाखवला होता. शालू लाकडी दांड्याला गुंडाळून ठेवावा तसा! तो दुकानात येण्याआधीच कंपनीने फोनचा धंदा बंद केला. मला त्याची उगाच हळहळ वाटते.

परवा ह्यांनी विचारलं, "तू घेशील का असला फोन?" मी म्हटलं, पूर्ण किमतीला नाही. ज्याला मोठा पडदा रोज कामाला लागतो, ज्याला पडदा बदलायचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवता येतो किंवा जो पहिल्याच दिवशी त्याचा विमा उतरवतो, त्याने जरूर घ्यावा. पाच वर्षं न बघता वापरायची वस्तू म्हणून घेऊ नये. माझा फोन चार वर्षांचा आहे, स्कूटरवरून दोनदा पडला, एकदा कणकेत गेला. त्याला माझी सवय आहे.

डबीसारखा मिटणारा, फ्लिप म्हणतात तो, मात्र मला मोहात पाडतो, हेही कबूल करते. तो २०२३ मध्ये टेक्नोने ४९,९९९ ला आणला होता, म्हणजे स्वप्न अगदीच आवाक्याबाहेरचं नाही. २००४ मध्ये मोटोरोलाचा रेझर आला, तो माझ्या वरिष्ठांकडे होता. त्याचा पडदा काही वाकत नसे, फक्त झाकण मिटे. बोलणं संपलं की ते तो टप्पदिशी बंद करत आणि समोरच्याला कळे की आता संपलं. आज लाल गोलावर अंगठा दाबून कुणावर रागावता येत नाही. त्या 'टप्प'साठी मी दहा-पंधरा हजार जास्त मोजीन, लाख नाही.

भाच्याने शेवटी पडदा बदलून घेतला. पैसे कुठून आणले ते वहिनीने अजून सांगितलेलं नाही, म्हणजे बरेच असणार. या रविवारी आला तो फोन रुमालात गुंडाळून. पोहे दुसऱ्या टेबलावर ठेवले होते, मीच. त्याने हात धुतले, पुसले, आणि सासूबाईंच्या समोर बसून फोन उघडला. पडदा कोरा, गुळगुळीत. ऊन तिरकं होतं तरी पन्हळ शोधावी लागत होती. सासूबाईंनी बोट फिरवून पाहिलं.

"नवी घडी मोडलीस?"

"हो आजी."

"मग नमस्कार कर."

त्यांनी पाय पुढे घेतले. तो उठला, फोन मिटून शर्टाच्या खिशात टाकला आणि वाकला, एका हाताने खिसा धरून.