तुम्ही विचारलंत म्हणून: गुन्ह्याच्या आधीची वेळ

किशोरांसाठी मी शहरी गुन्हेगारीच्या कथा लिहितो, हे कळले की पालक आणि शिक्षक एक प्रश्न हमखास विचारतात. ज्या मुलांनी कधी पोलीस चौकीची पायरीही चढलेली नाही, त्यांना टोळ्या, चोऱ्या आणि मारामाऱ्यांचे हे जग आपलेसे कसे वाटते? प्रश्नात कुतूहलाइतकीच काळजीही असते. माझे उत्तर असे की, या वाचकांच्या ओळखीची असते ती गुन्ह्याच्या आधीची वेळ.

त्या वेळेत फारसे काही घडत नाही. वर्गातला मित्र म्हणतो, ‘ही बॅग एका रात्रीपुरती तुझ्याकडे ठेव’, आणि बॅगेत काय आहे हे विचारणे म्हणजे मैत्रीवर संशय घेणे, असे दोघांनाही वाटते. आजच्या शहरात बॅगेऐवजी बहुधा बँक खाते मागितले जाते. फसवणुकीने मिळवलेली रक्कम पुढे सरकवण्यासाठी टोळ्यांना दुसऱ्याच्या नावावरची खाती हवी असतात, आणि थोड्या पैशांच्या मोबदल्यात ती देणाऱ्यांत तरुण मुलेही असतात. ज्याने शस्त्र पाहिले नाही आणि फसवला गेलेला माणूसही पाहिला नाही, अशा मुलाचे नाव मात्र बँकेच्या नोंदीत राहते आणि तपास सर्वांत आधी त्याच्याच दारापर्यंत पोहोचतो. कथानक म्हणून मला हे कोणत्याही दरोड्यापेक्षा अधिक भयानक वाटते, कारण यात वाचकाला ‘मी असे कधीच केले नसते’ असे ठामपणे म्हणता येत नाही.

मित्रांसमोर नकार देणे किती जड जाते, याला संशोधनाचाही आधार आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ ते १६ वर्षांची मुले, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४ वर्षांपुढचे प्रौढ यांना संगणकावर गाडी चालवण्याचा, धोका पत्करायला लावणारा एक खेळ दिला होता. काही जण एकटे खेळले, काही जण समवयस्कांच्या सोबतीने. सोबती असताना धोका पत्करण्याचे प्रमाण वाढले, आणि ही वाढ प्रौढांपेक्षा मुलांमध्ये व तरुणांमध्ये अधिक होती. म्हणूनच माझ्या कथांमधला निर्णायक प्रसंग सहसा एकांतात घडत नाही. तिथे कोणीतरी पाहत उभे असते.

दुसरी गोष्ट निवेदकाची. प्रौढांच्या रहस्यकथेत तपास अधिकारी बाहेरून येतो, मृतदेह पाहतो आणि ‘कोणी केले’ याचा शोध घेतो. किशोर निवेदकाला मात्र कोणी केले हे बहुतेक वेळा पहिल्याच प्रकरणात ठाऊक असते, कारण तो त्याच गल्लीत, त्याच मुलांबरोबर वाढलेला असतो. सांगायचे की नाही, आणि सांगायचे तर कोणाला, हे त्याचे खरे कोडे असते. चुगलखोर ठरण्याची भीती शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेली असते. कथेत त्या भीतीची किंमत फक्त वाढते. ‘द आउटसायडर्स’ ही १९६७ साली प्रकाशित झालेली अमेरिकन कादंबरी इतकी वर्षे वाचली जाते, त्याचे एक कारण मला इथेच सापडते: एस. ई. हिंटन यांनी ती शाळेत शिकत असताना लिहिली, तिचा निवेदक १४ वर्षांचा आहे आणि पुढे काय होणार हे जाणणाऱ्या मोठ्या माणसाचा आवाज तिच्यात नाही.

बोलीभाषेतले ताजे शब्द मी जपून वापरतो. ते पुस्तक छापून होईपर्यंत शिळे होतात आणि मुले ते लगेच ओळखतात. हिंसेचे वर्णनही लांबवत नाही. त्याऐवजी नंतरचे लिहितो: जप्त झालेला मोबाइल, जबाब नोंदवला जाईपर्यंत बाकावर बसून राहिलेली आई, शाळेत परतल्यावर शेजारी कोणी न बसणे.

अशा कथांमुळे मुलांना गुन्हेगारीचेच आकर्षण वाटेल, ही पालक-शिक्षकांची शंका मात्र रास्त आहे. टोळीतल्या थोरल्या मुलाचा रुबाब, हातात खुळखुळणारा पैसा आणि ‘तू आपला माणूस आहेस’ हे ऐकण्याचे सुख मी कथेतून वगळत नाही. ते वगळले तर नायक निव्वळ मूर्ख दिसतो, आणि मूर्खाच्या जागी स्वतःला कोणताही वाचक ठेवत नाही. मात्र त्या सुखाचा हिशेब त्याच पुस्तकात, त्याच पात्रांकडून मागितला गेला पाहिजे. शेवटच्या प्रकरणात एखादा सज्जन प्रौढ धावून येतो आणि सारे निस्तरतो, अशा कथा मला अप्रामाणिक वाटतात. कच्चा खर्डा तपासताना नायकाने होकार दिला त्या पानावर मी थांबतो आणि नकाराची सोपी वाट शिल्लक राहिली आहे का, ते पाहतो. ती राहिली असेल तर तो प्रसंग पुन्हा लिहितो.