पाणी कुठपर्यंत आलंय?

२५ जुलै २०२४ ची पहाट. इंटरकॉम वाजला आणि आमचे वॉचमन मामा म्हणाले, ताई गाडी काढा लवकर, पार्किंगमध्ये पाणी शिरतंय. मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, नदीपासून दोन गल्ल्या आत, आमच्याकडे पाऊस कितीही झाला तरी गेटबाहेर तळं साचायचं आणि ओसरायचं, एवढंच माहिती होतं. खाली आले तर पाणी गेटकडून नाही, मागच्या भिंतीकडून येत होतं, म्हणजे नदीच्या बाजूने, आणि अजिबात आवाज न करता. स्कूटर बाहेर काढेपर्यंत घोट्याला होतं ते पोटरीला लागलं. मग लाईट गेले.

तेव्हा मी फोन काढून फेसबुकवर लाईव्ह सुरू केलं. आधी कधीतरी भाचीच्या वाढदिवसाला केलेलं, तेवढाच अनुभव. का केलं तर सोसायटीच्या ग्रुपवर एकाच वेळी चाळीस मेसेज पडत होते, कोणी म्हणे कमरेएवढं, कोणी म्हणे काही नाही झोपा, आणि वरच्या मजल्यावरच्यांना अंधारात खालचं काही दिसत नव्हतं. म्हटलं बघा तुम्हीच.

नंतर कळलं की त्या दिवशी खडकवासला धरणातून विसर्ग वाढवत वाढवत ३५ हजार क्युसेकच्या पुढे नेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर! आकडा बातमीत बरोबरच असतो, पण अंधारात जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला क्युसेकचं काय करायचं? त्याला पायरी कळते. माझ्या लाईव्हवर पहिल्या दहा मिनिटांत जितक्या कमेंट आल्या त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच होता, पाणी कुठपर्यंत आलंय. आणि मी उत्तर देत होते "खूप आलंय", "वाढतंय". आता ते पाहिलं की स्वतःचाच राग येतो, कारण खूप म्हणजे किती?

बी विंगच्या काकांनी ते दुरुस्त केलं. ते माझ्यामागे जिन्यात टॉर्च घेऊन उभे होते, म्हणाले, "अगं, खूप खूप काय करतेस, तो मीटरचा बोर्ड दाखव आणि पायऱ्या मोज." मग मी कॅमेरा जिन्यावर धरला आणि बोलत राहिले, ए विंग, दुसरी पायरी बुडाली, पाच वाजून दहा मिनिटं. तिसरी पायरी, पाच वाजून बावीस. मीटरचा बोर्ड अजून दोन हात वर आहे. खरं सांगते, तिथून पुढे त्या लाईव्हला अर्थ आला. चौथ्या मजल्यावरच्या एका दादांनी ते ऐकून वायरमनला फोन लावला आणि मीटर बुडायच्या आधी मेन स्विच बंद झाला. त्याच दिवशी डेक्कनला पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तीन जणं गेली हे दुपारी समजलं, तेव्हा हातपाय गार पडले.

माझी आजी शनिवार पेठेतली, तिने १२ जुलै १९६१ पाहिलाय. पानशेत धरण फुटलं आणि त्याच दिवशी खडकवासलाही. ती नेहमी सांगायची की आम्हाला कोणी अधिकृत असं काही सांगितलं नाही, एक मुलगा सायकलवर ओरडत गेला, पाणी आलं, पळा, आणि आम्ही पोळ्या तव्यावर टाकून पर्वतीकडे निघालो. लहानपणी ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल, पण त्या सायकलवरच्या मुलाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. त्याने स्वतः पाणी पाहिलं होतं आणि तो स्वतः तिथे होता. त्याच्यावर विश्वास ठेवायला एवढं पुरेसं होतं.

फोनवरून लाईव्ह करणं ही काही अलीकडची गोष्ट नाही. २००७-०८ च्या सुमाराला क्विक, स्वीडनचं बॅमब्युझर असे प्रकार आले होते, नोकिया एन-९५ सारख्या फोनवरून थेट नेटवर व्हिडिओ जायचा. माझ्या ऑफिसातल्या एकाकडे तो फोन होता, पण आपल्याकडे तेव्हा फोनवर जे नेट मिळायचं त्याच्यावर एक फोटो मेल करायला पाच मिनिटं लागायची, लाईव्ह कुठलं. बॅमब्युझरचं महत्त्व कळलं ते इजिप्त आणि सीरियात. इजिप्तमध्ये जानेवारी २०११ ला सरकारविरुद्ध निदर्शनं सुरू झाली तसं ते बंद पाडलं गेलं, २०१२ मध्ये सीरियातही. आणि बंद का करावंसं वाटलं, तर लाईव्हमध्ये फोन नुसता शूट करत नाही, शूट होता होता ते दुसरीकडे साठतही जातं. फोन हिसकावला, फोडला, पाण्यात पडला तरी तोपर्यंतचं बाहेर पोचलेलं असतं, ते फोन फोडून पुसता येत नाही.

मग २०१५ ला मीरकॅट आणि पेरिस्कोप ही लाईव्हची ॲप्स आली, पेरिस्कोप २०२१ च्या मार्चमध्ये बंदही झालं. आपल्याकडे खरा फरक पडला तो २०१६ मध्ये, एप्रिलमध्ये फेसबुक लाईव्ह सगळ्यांना खुलं झालं आणि सप्टेंबरमध्ये जिओ आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत मिनेसोटात डायमंड रेनॉल्ड्स या बाईने, पोलिसाने तिच्या जोडीदारावर फिलँडो कॅस्टीलवर गोळ्या झाडल्यावर गाडीतूनच फेसबुकवर लाईव्ह सुरू केलं. मी तो व्हिडिओ पूर्ण पाहू शकले नाही. पण तिचा आवाज लक्षात राहिलाय, त्या अवस्थेत ती काय झालं ते एकेक करून सांगत होती. चित्रापेक्षा ते सांगणं जास्त महत्त्वाचं होतं असं मला वाटतं.

आणि हे नुसतं भावनेचं नाही, तांत्रिक कारणही आहे. नेट कमी पडलं की आधी चित्र फुटतं, चौकोन चौकोन दिसायला लागतात, अडकतं, पण आवाजाला डेटा फार कमी लागतो म्हणून तो बऱ्याचदा पोचतो. आमच्या इथे लाईट गेले तसं वायफाय गेलं, मोबाईल डेटावर चाललं होतं सगळं, आणि आपल्याला सवय डाऊनलोडची, पण लाईव्हला अपलोड लागतो आणि तो मुळातच कमी असतो. गणपती विसर्जनाला अलका चौकात हे कोणीही करून बघावं, फोनवर नेटवर्कच्या दांड्या फुल्ल आणि लाईव्ह जागचं हलत नाही कारण हजारो माणसं एकाच टॉवरवरून एकाच वेळी काहीतरी वर चढवतायत. अशा ठिकाणी मी आता लाईव्हच्या नादाला लागतच नाही, साधं रेकॉर्ड करते, तोंडाने वेळ आणि जागा बोलते, आणि घरी येऊन टाकते. डेटाचं म्हणाल तर बऱ्यापैकी क्वालिटीचं लाईव्ह दोन एमबीपीएसने गेलं तर तासाला ९०० एमबी जातात, दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये पावणेदोन तासांच्या आत खेळ खलास.

पावसाचं आणखी एक. ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही, किंवा भलतंच काहीतरी दाबलं जातं. काकूंनी मला कोथिंबीर ठेवायची झिपची पिशवी आणून दिली, त्यात फोन टाकला, पण आधी लाईव्ह सुरू करून मग टाकला. लेन्सवर पिशवीची घडी येऊ द्यायची नाही, बस्स. आवाज थोडा दबका येतो, चालतंय.

सहा-सव्वासहाला एका मुलीची कमेंट आली. ती बंगळुरूला असते, सी विंगच्या तळमजल्यावर तिचे आई-बाबा, फोन लागत नव्हते. कमेंट मी वाचली आणि उत्तर दिलं, पण लाईव्ह दहा-वीस सेकंद मागे असतं, तेवढ्या वेळात तिने तोच प्रश्न तीनदा टाकला होता. ती वीस सेकंद तिला कशी गेली असतील. तिचे आई-बाबा दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसले होते, काकू ओल्या गाऊनमध्ये, अंगावर कुणाचीतरी शाल, काका नुसत्या बनियनवर. मी फोन घेऊन वर गेले आणि कॅमेरा भिंतीकडे केला, म्हटलं काकू, तुमची मुलगी ऐकतीये, बोला. त्या म्हणाल्या, "आम्ही वर आलोय गं, फ्रीज गेला, बीपीच्या गोळ्या आणल्यात पण." एवढंच. मग थोड्या वेळाने मुलीचा नुसता एक नमस्काराचा इमोजी आला.

चेहरा दाखवला असता तर जास्त लोकांनी पाहिलं असतं, शेअर केलं असतं, मला माहितीये. पण तो चेहरा माझा नव्हता ना. माणसाचं घर पाण्यात जात असताना त्याच्या तोंडासमोर फोन धरायचा आणि विचारायचं कसं वाटतंय, हे मी कुणालाही करू देणार नाही, आणि त्या दिवशी दुपारी एकाने आमच्या गेटवर येऊन ते केलं तेव्हा मामांनी त्याला बाहेर काढलं, बरोबर केलं. तसंच बचावकामाचं. २६/११ ला मुंबईत कमांडो कुठून उतरतायत ते टीव्हीवर थेट दिसत होतं, सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या कसाबच्या निकालात त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले, आणि २०१५ पासून अतिरेक्यांविरुद्धची कारवाई लाईव्ह दाखवायला चॅनलवाल्यांना बंदी आहे. नियम चॅनलसाठी आहे, पण आज हातातला फोनसुद्धा तेच करू शकतो, मग ते भान आपल्याला नको? आणि झेड ब्रिजवर उभं राहून, कठड्यावरून वाकून भिडे पूल बुडालेला दाखवणारी पोरं असतात दरवर्षी, अरे बाबांनो घरी जा, तो पूल दरवर्षी बुडतो.

भिडे पुलावरूनच आठवलं. २०२५ च्या पावसाळ्यात माझ्या नणंदेने मला एक क्लिप पाठवली, "बापरे, तुमच्याकडे परत पाणी आलं?" चाळीस सेकंदांची क्लिप, वर लिहिलेलं, आत्ताची परिस्थिती, सिंहगड रोड. मी गॅलरीत चहा पीत उभी होते, खाली रस्ता कोरडा. क्लिप पुन्हा लावली तर त्यात माझाच आवाज. "बापरे वाढतंय, वाढतंय खूप." माझ्याच लाईव्हमधला तुकडा होता, सुरुवातीच्या दहा मिनिटांतला, जिथे मी ना तारीख बोलले होते ना वेळ ना जागा. कोणीतरी कापला आणि तो वर्षभराने ग्रुपाग्रुपांत फिरत होता, किती म्हाताऱ्या माणसांची झोप उडाली असेल त्याने. मी जमेल तिथे जाऊन लिहिलं की ही क्लिप २५ जुलै २०२४ ची आहे, मीच केलेली आहे, आत्ता पाणी नाही. पण क्लिप ज्या वेगाने जाते त्या वेगाने खुलासा जात नाही हो. त्यानंतरच्या भागातला, पायऱ्या मोजलेला एकही तुकडा मला असा फिरताना दिसला नाही, कारण त्यात दर दोन मिनिटांनी मी वेळ आणि विंग बोलतीये, तो कापून "आत्ता" म्हणून खपवायचा कसा?

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीये आणि सोसायटीतल्या पोरांनाही लावलीये. सुरू केल्या केल्या तारीख, वेळ, जागा बोलायचं, आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी परत, कारण मध्येच येऊन बघणाराही असतो आणि मधलाच तुकडा कापणाराही. जे डोळ्यांनी दिसतंय ते "मला दिसतंय" म्हणून सांगायचं, जे ऐकलंय ते "मी ऐकलंय, पाहिलं नाही" असं. धरणातून किती सोडलं हे आपण सांगायचं नाही, ते आपल्याला दिसत नाही. आणि हलायचं नाही, एका जागी उभं राहायचं, फोन गरागरा फिरवला की बघणाऱ्याला भोवळ येते आणि पाणी वाढलं की कॅमेरा हलला तेच कळत नाही. संपल्यावर काय करायचं तेही ठरवलंय, लाईव्हच्या वर तारखेसकट लिहून ठेवायचं, पाणी ओसरलं की तेही त्याच पोस्टवर टाकायचं. ओसरल्याची बातमी कोणी देतच नाही, सगळ्यांना फक्त चढलेलं पाणी दाखवायचं असतं.

या जूनमध्ये मी आणि बी विंगच्या काकांनी पार्किंगच्या मागच्या भिंतीवर, आणि तिन्ही विंगच्या जिन्याशी, पिवळ्या ऑइलपेंटने पट्टे मारलेत. जमिनीपासून एक फूट, दोन, तीन, असे सहापर्यंत, शेजारी वीतभर उंचीचे आकडे. २०२४ ला पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथे लाल रेघ. मीटरचा बोर्ड कितव्या फुटावर येतो तेही लिहिलंय. कमिटीतल्या एकांना भिंत खराब केली असं वाटलं, वाटू दे. परवा रात्री लाईट बंद करून मी जिन्याच्या सहाव्या पायरीवरून, टॉर्चच्या उजेडात, फोन पिशवीत घालून बघितलं आकडे दिसतात का. चारपर्यंत नीट दिसतात. पाच आणि सहावर खांबाची सावली पडते, ते दोन आकडे रविवारी खांबाच्या अलीकडे घेणार आहोत.