झेब्राफिशच्या भ्रूणात डावं-उजवं तपासताना: माझा अनुभव

झेब्राफिशच्या भ्रूणात डावी बाजू कुठली आणि उजवी कुठली हे फलनानंतर साधारण १२ ते १६ तासांत ठरून जातं. पुढे दिसतो तो फक्त त्याचा परिणाम. म्हणून या कामात मी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा तपासते: भ्रूणाचं वय बरोबर आहे ना, आणि मी त्याच्याकडे कुठल्या बाजूने पाहतेय.

नर-मादी रात्री मधे आडपडदा घालून ठेवते, सकाळी दिवे लागल्यावर तो काढते. पहिल्या अर्ध्या तासातली अंडी एक गट, नंतरची वेगळी. एका पेट्री डिशमध्ये ५० च्या वर ठेवत नाही. गर्दीत काही भ्रूण मागे पडतात. तापमान २८.५ अंश. त्याहून थंड झालं की वाढ मंदावते, त्यामुळे घड्याळावर न विसंबता सोमाइट, म्हणजे भ्रूणाच्या पाठीलगत एकामागून एक बनणारे पेशींचे गठ्ठे, मोजते. ६ सोमाइट म्हणजे साधारण १२ तास, १८ सोमाइट म्हणजे १८ तास.

पहिली पाहणी कुप्फर व्हेसिकलची. शेपटीच्या टोकाशी द्रवाने भरलेला हा छोटा फुगा असतो. दोन डझनांच्या आसपास पेशी एकत्र येऊन तो तयार करतात, आणि त्याच्या आतल्या भिंतीवरच्या केसासारख्या सिलिया गोल फिरून द्रव ढवळतात. ६ ते १० सोमाइटच्या दरम्यान आवरण काढलेलं भ्रूण १ टक्का लो-मेल्ट अगरोजमध्ये (कमी तापमानाला वितळणारं जेल) पाठ वर करून बसवते आणि फुग्यात अर्ध्या मायक्रॉनचे चमकणारे मणी सुईने सोडते. सुई जरा खोल गेली की पलीकडची भिंत फुटते, फुगा बसतो आणि ते भ्रूण बाद. नीट जमलं तर मणी एकामागोमाग एक कडेकडेने पळताना दिसतात, पाठीकडून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. पुढच्या भागात सिलिया दाट असल्याने तिथला डावीकडे जाणारा प्रवाह जास्त जोरकस असतो.

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. प्रतिमा १८० अंशांत फिरली तर फिरण्याची दिशा बदलत नाही; आरशासारखी पलटली, किंवा भ्रूण पोटाकडून पाहिलं, तर बदलते. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्लिप’ चालू राहिलेला कळतही नाही. म्हणून रोज आधी छापील अक्षराचा कागद स्टेजवर ठेवून फोटो काढते. अक्षर उलटं आलं तर तिथेच थांबते.

दुसरी पाहणी साउथपॉ या जनुकाची (डावी बाजू ठरवणारा ‘नोडल’ प्रकारचा संदेश यातून बनतो), इन सिटू हायब्रिडायझेशनने, म्हणजे जनुक कुठे चालू आहे ते रंगाने दाखवणाऱ्या पद्धतीने. ते आधी फुग्याच्या दोन्ही बाजूंना चालू होतं, नंतर पार्श्व मेसोडर्ममध्ये (भ्रूणाच्या दोन्ही कडांचा मधला पेशीथर) फक्त डावीकडे पुढे सरकत जातं. १८ सोमाइटला भ्रूण टिकवण्यासाठी ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये रात्रभर ४ अंशांवर ठेवते, मग मिथेनॉलमध्ये उणे २० वर. मग प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर) १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, या वयाला अगदी थोडा वेळ; जास्त झालं की शेपटी विरघळू लागते. रंग चढताना दर १५ मिनिटांनी बघते. जास्त वेळ ठेवलं तर दोन्हीकडे जांभळी झाक येते आणि डावीकडचा खरा पट्टा ‘दोन्हीकडे’ म्हणून नोंदला जातो. उलट, मागे पडलेलं भ्रूण ‘कुठेच नाही’ या रकान्यात जातं; ते खरं नसतं, त्याची वेळ अजून आलेली नसते. म्हणून प्रत्येक भ्रूणाचे सोमाइट मोजल्याशिवाय ते रकान्यात घालत नाही. आणि मोजणी करताना बाटल्यांवरची नावं झाकलेली हवीतच.

निकालाचा नमुना बिघाडाचा पत्ता सांगतो, म्हणून मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. सिलिया हलत नसतील तर डावं, उजवं, दोन्ही, काहीच नाही असे सगळे प्रकार मिसळून येतात. बहुतेक भ्रूणांत दोन्हीकडे पट्टा असेल तर मी सिलियांऐवजी मध्यरेषेकडे वळते: नोटोकॉर्ड (पाठीतला मधला आधारदंड) नीट बनलाय का, लेफ्टी१ (मध्यरेषेवर हा संदेश अडवणारं जनुक) चालू आहे का. मध्यरेषेचा हा अडसर नसला की डावीकडचा संदेश उजवीकडे ओलांडतो. तिथे सगळं ठीक असेल तर डँड५ बघायचं. हे नोडलला रोखणारं जनुक फुग्याभोवती असतं आणि प्रवाहामुळे डावीकडे कमी होतं. ते मुळातच नसेल तर दोन्ही बाजू मोकळ्या सुटतात.

तिसरी पाहणी हृदयाची. २६ ते २८ तासांना हृदयनळी डावीकडे झुकते. ४८ तासांना वळसा पूर्ण होऊन जवनिका (हृदयाचा रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) भ्रूणाच्या उजवीकडे येते. पोटाकडून पाहताना ती आपल्या डाव्या हाताला दिसते, त्यामुळे वहीत नेहमी ‘भ्रूणाची बाजू’ लिहायची. त्याच भ्रूणात यकृतही नोंदवते. ते डावीकडे हवं. दोन्ही उलटे असतील तर तो संपूर्ण आरसा. एक सरळ आणि एक उलटं असेल तर ती हेटेरोटॅक्सी, आणि माणसांत हृदयाचे गंभीर दोष जास्त करून या दुसऱ्या प्रकारात दिसतात. हृदय एका भ्रूणात आणि यकृत दुसऱ्यात मोजलं तर हा फरक टक्केवारीत सापडतच नाही.