मारिओला मिशी का आहे?
आज दिवसभर पाऊस, मालवणात लाईट गेलेली ती दुपारभर आलीच नाही, मग भाच्याला म्हटलं गणिताची चौकटीची वही आण, आपण व्हिडिओ गेममधला मारिओ काढूया. १६ बाय १६ चौकोन आखले आणि नाकाखाली तोंड काढायला गेला तर जागाच नाही! मग सांगितलं की १९८१ च्या डाँकी काँग या गेममध्ये मारिओ घडवणाऱ्या शिगेरू मियामोतोंना हीच अडचण आलेली, एवढ्याशा जागेत तोंड दिसत नाही म्हणून मिशी, केस काढणं नि उडी मारताना ते हलवणं कठीण म्हणून टोपी, आणि हातांची हालचाल दिसावी म्हणून शर्टावर वेगळ्या रंगाचे ओव्हरऑल्स, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली पँट. नाव तर हा गेम काढणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकाचं, मारिओ सेगाली.

पण पोरगा खरा उडाला ते ढगांचं ऐकून. १९८५ चा अख्खा सुपर मारिओ ब्रदर्स फक्त ४० केबीत बसवलाय, आज मोबाईलवरचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे वरचा ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र, फक्त रंग पांढऱ्याचा हिरवा. आम्ही टीव्हीला कॅसेट लावून लहानपणी इतका खेळलो पण हे कधी डोळ्यात भरलं नव्हतं, काय डोकं आहे त्या माणसांचं, मला खरंच भारी अभिमान वाटतो अशा कामाचा. भाच्याने लगेच दुसऱ्या पानावर ढग काढला, हिरवा रंगवला, आता म्हणतोय मामा, नवीन लेव्हल आपणच बनवूया.