२०२२ साली गौरवलेल्या वास्तुकाराचं एक छप्पर, आपल्या पत्र्यासाठी

२०२२ हे वर्ष इमारतींच्या जगात गाजलं. अमेरिकेत मिलवॉकीला ८६.६ मीटर उंचीची, २५ मजली 'असेंट' ही इमारत उभी राहिली. खालचे मजले काँक्रीटचे, वरचे लाकडाचे. पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांना त्या वर्षीचं रॉयल गोल्ड मेडल, म्हणजे ब्रिटनचा वास्तुकलेतला मोठा सन्मान, मिळालं. पण कोल्हापूरकरांच्या कामाचं म्हणाल तर त्या वर्षीचं प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं मानाचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक. ते बुर्किना फासोच्या फ्रान्सिस केरे यांना मिळालं. हा मान मिळालेले ते पहिले आफ्रिकी.

त्यांची गांदो गावातली शाळा २००१ची. मातीत थोडं सिमेंट मिसळून केलेल्या विटांच्या भिंती, वर काँक्रीटचा पट्टा, त्यावर फटी राखून रचलेल्या विटांचं आढं. खरी गंमत त्याच्या वर. बारीक सळया वेल्डिंग करून केलेल्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे सांगाडे, आणि त्यांवर आढ्यापासून चांगला उंच उचललेला पत्रा. पत्रा तापतो, पण मधली गरम हवा बाजूंनी निघून जाते. खोलीतली गरम हवाही फटींतून वर चढते आणि खिडक्यांतून गार हवा आत येते. आपल्या जुन्या कौलारू घरांत कौलांखाली फळ्यांचा माळा असायचा, त्याचं काम जवळपास हेच. माळा गेला, पत्रा थेट डोक्यावर आला आणि एप्रिलात दुपारी खोलीची भट्टी झाली.

इथे तसंच करायचं तर नक्कल चालणार नाही. तिकडे पाऊस थोडे महिने, आपल्याकडे जून-जुलैत तिरका मारा. पत्रा भिंतीबाहेर तीन-चार फूट काढा, पश्चिमेला जास्तच. उघड्या बाजूंना जाळी लावा, नाहीतर पारवे वस्तीलाच येतील. वारा खालून शिरून पत्रा उचलतो, म्हणून कैचीची प्लेट काँक्रीट ओतण्याआधीच पट्ट्यात गाडायची. मागाहून कडेला भोक पाडून बोल्ट ठोकला की कोपरा फुटतो. हुकाचं भोक पन्हळीच्या डोक्यावर पाडा. खळग्यात पाडलं की गळती ठरलेली. सळयांच्या कैचीचा प्रत्येक जोड घासून रेड ऑक्साइड मारा, नाहीतर गंज आधी तिथेच धरतो.

मातीच्या विटांचं मात्र जपून. काळी माती नकोच. ती भिजली की फुगते, वाळली की तडकते. लाल माती घ्या. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी वाळूचा थर निम्म्याहून जाड हवा. बारा घमेली मातीला एक घमेलं सिमेंट. पाणी इतकंच की मूठ वळल्यावर गोळा टिकावा, पण हाताला चिखल लागू नये. साच्यात दाबून काढलेली वीट सावलीत, ओल्या गोणपाटाखाली तीन आठवडे. उन्हात वाळवली तर सिमेंट मुरण्याआधीच पाणी उडतं आणि कडा हाताने झडतात.

केरेंनी बुर्किना फासोतल्याच कूदूगू शहरातल्या शाळेत लॅटराइट दगड वापरला, म्हणजे आपला जांभा. खाणीत मऊ, हवेवर घट्ट होणारा. पन्हाळ्याच्या बाजूला तो पायाखाली आहे. पंचगंगेच्या पूररेषेत बांधत असाल तर जोत्यापासून पाणी चढतं त्या उंचीपर्यंत मातीची वीट नको, जांभ्याचा चिराच लावा.