दाराची कप्पी आणि माझा आखडलेला खांदा

आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांड्या छताला टांगलेल्या आहेत, कप्पीवर दोरीने खालीवर होणाऱ्या. मागच्या वर्षी दिवाळीच्या आसपास एक दिवस दांडी वर चढवायला डावा हात उचलला तर तो खांद्याच्या उंचीलाच अडला. दुखत होतं तेही होतंच, पण हात पुढे जाईचना, गंजलेल्या कडीसारखा. त्याआधी दोन-तीन महिने डाव्या कुशीवर झोप लागत नव्हती, अंबाडा घालताना हात भरून यायचा, वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा मी मुलाकडून काढून घ्यायला लागले होते, आणि हे सगळं मी "वय झालं" म्हणून सोडून दिलं होतं. ते सोडून द्यायला नको होतं.

डॉक्टरांनी कोपर कमरेला लावून हात बाहेर फिरवून बघितला, एक्स-रे काढला आणि सांगितलं फ्रोझन शोल्डर. चाळीस ते साठ वयात, बायकांना जास्त, आणि डायबेटिस असेल तर आणखी जास्त होतं म्हणे, आणि माझ्या बाबतीत तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवी असते, ती सुजते, मग जाड होऊन आक्रसते आणि हात आतूनच बांधल्यासारखा होतो. सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात हे ऐकून मला रडूच आलं. या दुखण्याला हे नाव १९३४ साली बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन नावाच्या सर्जनने दिलं. पुढे वाकून हात सैल सोडून झोक्यासारखा हलवायचा व्यायाम आजही त्याच्याच नावाने ओळखतात, माझी सुरुवात त्यानेच झाली. कप्पी नंतर आली, रात्रीचं ठणकणं जरा कमी झाल्यावर.

कप्पी म्हणजे दाराच्या वरच्या कडेला अडकवायचा पट्टा, त्याला एक छोटी कप्पी, दोरी आणि दोन टोकांना दोन हँडल. चांगला हात खाली ओढतो, दुखरा हात वर जातो. इतकं सोपं दिसतं म्हणूनच माझी चूक झाली. आठवडाभर बरं चाललं होतं, एका संध्याकाळी वाटलं अजून चार बोटं वर नेऊ, दात ओठ खाऊन ओढलं, आणि ती रात्र मी उशी पोटाशी धरून बसून काढली. पुढचे दोन दिवस चहाचा कपही उचलवेना. आमच्या फिजिओ मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काकू, दोरी ओढायची नाही, हात वर न्यायचा." हे एक वाक्य मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

आता मी कसं करते ते सांगते. दार आपल्या अंगावर उघडणारं नको, पलीकडे उघडणारं हवं, म्हणजे ओढ लागली की ते चौकटीलाच घट्ट बसतं, आणि कडी लावायचीच, घरच्यांना सांगूनही ठेवायचं, कारण हात वर असताना कुणी पलीकडून दार उघडलं तर जो हिसका बसेल तो आखडलेल्या खांद्याला नकोच. चाकांची खुर्ची नको, साधी डायनिंगची घ्यायची, पावलं जमिनीवर टेकलेली. सुरुवातीला दाराकडे तोंड करून बसायचं, ते सोपं जातं, दाराकडे पाठ करून नंतर. दोरी इतकी लांब हवी की चांगला हात वर असताना दुखरा हात आरामात मांडीवर टेकेल. आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक. मग अंगठा वरच्या बाजूला ठेवून हात समोरून वर, जिथे ताण जाणवतो तिथे पाच सेकंद थांबायचं, श्वास धरायचा नाही, आणि हळू खाली. दहा वेळा, दिवसातून दोनदा. बाजूने वर नेताना अगदी सरळ बाजूला नाही, थोडं पुढे तिरकं, तिथे खांद्यात चिमटा कमी बसतो.

माझी सगळ्यात मोठी खोड म्हणजे खांदा कानाकडे जायचा. हात वर जातोय असं वाटायचं, पण खरं तर सगळा खांदाच वर उचलला जायचा. आपला हात पूर्ण १८० अंश वर जातो त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून आणि ६० पाठीच्या फऱ्यातून, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडातून येतात, सांधा अडला की फरा त्याचंही काम करायला धावतो. म्हणून मी बाजूला आरसा ठेवते. मान आणि खांदा यातलं अंतर कमी व्हायला लागलं की तिथेच थांबते, मग हात कितीही खाली असो.

आणि ताकदीचं. नुसतं चांगल्या हाताने वर नेत राहिलं तर खांदा मोकळा होतो, ताकद येत नाही, हे मला चौथ्या महिन्यात कळलं जेव्हा हात वर जायचा पण भरलेला तांब्या पेलायचा नाही. मग मॅडमनी खाली येण्यावर भर दिला: वर दोरीच्या आधाराने जायचं आणि खाली येताना दोरी जरा सैल सोडून दुखऱ्या हाताने स्वतःचं वजन धरत पाच मोजत उतरायचं. पहिल्या दिवशी तिसऱ्या आकड्यालाच हात थरथरला. थरथर चालते, धारदार कळ चालत नाही. व्यायामानंतरचा ठणका तासाभरात ओसरला तर ठीक, रात्रीपर्यंत राहिला तर उद्या कमी करायचं.

एक कळकळीने सांगते, पडल्यानंतर एकदम हात उचलेनासा झाला असेल, खांदा निखळला असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा हाताला मुंग्या, बधिरपणा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप्पीला हात लावू नका. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाबल्यासारखं, घाम, धाप असं काही असेल तर तो खांदा नाही, हृदय असू शकतं, तडक हॉस्पिटल गाठा. शुगरवालीने शुगरही बघत राहायची.

गेल्या रविवारी दांडीची दोरी मीच ओढली, डाव्या हाताने, दोन ओल्या चादरींसकट. पाठीमागे मात्र हात अजून कमरेपर्यंतच पोचतोय, त्यासाठी टॉवेलचा व्यायाम चालू केलाय, तो जमला की लिहीन.